कागदावरील खिडक्या आणि त्यांचें प्रमाण



आमच्या बोळिंजांत आतां बहुमजली इमारती उभ्या आहेत. म्हाडाची मोठी वसाहतहि येथेंच झाली. घर घेणाऱ्याच्या हातीं घराआधीं पडतो तो नकाशा. त्यावरील '१:१००' या आंकड्यावर कितपत विसंबावें, हें आज पाहूं.

संगणकावर आरेखक घर लहान करून काढीत नाहीं. तीन मीटरांची भिंत तो तीन मीटरांचीच रेखितो. नंतर छापावयाच्या कागदावर तो चौकटी मांडतो. त्यांस 'व्ह्यूपोर्ट' म्हणतात. या जणूं खिडक्याच. प्रत्येक खिडकीचें प्रमाण निराळें: मजल्याचा आराखडा १:१००, जिन्याचा तपशील १:२०. तीच भिंत पहिलींत ३ सेंटिमीटर दिसेल, दुसरींत १५.

प्रमाण ठरलें, कीं खिडकीस कुलूप घालावें लागतें. तें राहिलें, तर आंत काम करतांना माउसचें चाक नकळत फिरतें. चित्र लहानमोठें होतें, आणि खालीं लिहिलेला आंकडा मात्र तसाच राहतो.

दुसरा घोटाळा छपाईचा. ए-१ कागदाचा नकाशा ए-३ वर उतरविला, कीं प्रत्येक लांबी निम्मी होते. १:१०० चें प्रमाण वस्तुतः १:२०० होतें. फूटपट्टी लावणारा गृहस्थ तीन मीटरांची भिंत दीड मीटरांची समजेल!

यास्तव नकाशावर प्रमाणपट्टी रेखिलेली असावी. कागद आकुंचला, तर तीहि त्याच मानानें आकुंचते. म्हणून ती फसवीत नाहीं. आणि घेणाऱ्यानें लिहिलेलीं मापें वाचावींत. वर्गांत नकाशा उघडतांच मी मुलांस प्रथम प्रमाण पाहावयास सांगत असें. जन्माची पुंजी घालणाऱ्या वडीलधाऱ्यांसहि माझें तेंच सांगणें आहे.