मक्यातला अमेरिकन पतंग

फैजपूर-यावल म्हटलं की आधी केळी आठवते. आज मात्र मला बोलायचंय ते मक्याच्या शेतात अंधार पडल्यावर उतरणाऱ्या एका पतंगाबद्दल. लष्करी अळी आपल्या चांगलीच परिचयाची झाली आहे, पण ती ज्याच्यापासून होते तो पतंग फार थोड्यांनी निरखून पाहिलाय.

हा मूळचा अमेरिका खंडातला. जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७९७ साली जॉर्जियातल्या पतंगांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. म्हणून तिकडे तो हिवाळा फ्लोरिडा आणि टेक्ससच्या दक्षिणेला काढतो आणि ऊन वाढलं की पिढी दर पिढी उत्तरेला सरकत पार कॅनडा गाठतो. वाऱ्याची साथ असली तर एका रात्रीत शंभर किलोमीटर! २०१६ मध्ये तो आफ्रिकेत आढळला, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात, आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात. आपल्याकडची थंडी त्याला कुठली रोखणार?

कामगंध सापळ्यात पडलेला पतंग सकाळी तळहातावर घेऊन बघा. सापळ्यातल्या गोळीच्या वासाला फक्त नर येतात. पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट ठिपका, मधोमध तिरपा, फिकट तपकिरी, लांबट डाग. मागचे पंख मोत्यासारखे पांढरे, कडेला बारीक काळपट रेघ. देखणा आहे, हे कबूल केलं पाहिजे. तंबाखूवरच्या अळीचा पतंग याचाच भाऊबंद, पण त्याच्या पुढच्या पंखांवर फिकट रेघांची जाळी असते. सापळ्यात कधीकधी परक्या जातीचे पतंगही येतात. न ओळखता सगळे मोजले, तर फवारणीचा खर्च फुकट जातो.

मादी साधी, करड्या रंगाची, पटकन ओळखू न येणारी. तिचा माग अंड्यांवरून काढायचा. एका पुंजात शंभर-दोनशे अंडी, वर करड्या केसांचा थर. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि पुढे पोंग्यात शिरतात. मग औषध तिथवर नीट पोचत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, सापळ्यात नर दिसू लागले की दुसऱ्याच दिवशी मक्यात फिरा, पानं उलटून बघा, आणि पुंज दिसला की जागीच चिरडून टाका.