आजीच्या शिवणयंत्राचे मोल

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरकमहोत्सवाच्या सोहळ्यात शिवणयंत्रासारखा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण आपल्या बूढापाऱ्यातच आहे. जुने घर पाडायचे ठरले की भांडीकुंडी वाटली जातात, देव नव्या घरी जातात आणि माळ्यावरचे शिवणाचे मशीन कबाड्याच्या तराजूवर चढते. लोखंडाच्या भावाने ते विकण्यापूर्वी आपण काय विकत आहोत, हे तरी जाणून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे छत्तीसगडात येत राहिली. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरी आणि बदलीच्या निमित्ताने संसार इकडून तिकडे जात. अशा संसारात शिवणयंत्र ही मोठी मालमत्ता असे. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले. पुढे पाचच वर्षांत त्यांच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि बेताच्या मिळकतीच्या घरांतही यंत्र येण्याचा मार्ग खुला झाला. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन केले, तेव्हा स्त्रियांना देण्याच्या शिक्षणात शिवणकामालाही स्थान होते. हातात सुई होतीच. यंत्र आले आणि त्या सुईला मिळकत जोडली गेली.

आता यंत्र ओळखायचे कसे, ते पाहू. प्रथम नाव पाहावे, पण केवळ नावावर विसंबू नये. बिल्ला बदलता येतो, सोनेरी नक्षी नव्याने चिकटवता येते. आकारावरूनही निर्णय करू नये, कारण सिंगरच्या लोकप्रिय नमुन्याच्या घडणीची यंत्रे पुढे इतर अनेक कारखान्यांनी काढली. ‘उषा’ असे नाव असेल तर ते यंत्र १९३० च्या दशकापूर्वीचे असू शकत नाही. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये या नावाची यंत्रे बनू लागली ती त्याच दशकात. तेव्हा ‘आमची उषा दीडशे वर्षांची’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे हसून पुढे जावे.

सिंगर असेल तर खांबाच्या बुडाशी, पाटावर उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक शोधावा. मऊ फडक्याने तेथील तेलाचा थर पुसला की तो दिसतो. नुसतेच आकडे असतील तर यंत्र साधारणतः १९०० च्या आधीचे. आकड्यांपूर्वी अक्षर असेल तर त्यानंतरचे. एफ किंवा वाय हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याचे, तर जी हे अमेरिकेतील एलिझाबेथ येथील कारखान्याचे. दोन अक्षरे असून पहिले ई असेल, तर तेही क्लाइडबँकचेच. मात्र क्रमांकावरून कळते ती क्रमांक बहाल झाल्याची वेळ. आपल्या घरी यंत्र कधी आले, हे घरच्या पावतीवरून किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणीवरूनच ठरते. पाटाची सरकती पट्टी उघडून बॉबिनही पाहावी. होडीच्या आकाराचे शटल आणि लांबट बॉबिन असेल तर घडण जुन्या पद्धतीची. गोल बॉबिनची घडण त्यामानाने पुढची.

यानंतर किमतीचा प्रश्न येतो आणि येथेच बहुतेकांची निराशा होते. जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकट्या क्लाइडबँकमधून वर्षाला दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडत होती. त्यामुळे संग्राहक वर्षांइतकेच महत्त्व इतर गोष्टींना देतो: नक्षी शाबूत आहे का, लाकडी झाकण, किल्ली, शटल आणि जादा पाऊलपट्ट्या आहेत का, चाक मोकळे फिरते का. म्हणून यंत्राला नवा रंग देऊ नये. त्याने किंमत वाढत नाही, घटते. स्पिरिट लावू नये, कारण जुन्या यंत्रांवरील लाखेचा थर त्याने विरघळतो. मशीनचे तेल, मऊ कापड आणि धीर एवढे पुरते.

एका फसवणुकीबद्दलही सावध करतो. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ असतो. लोकांनी त्या यंत्रांसाठी वाटेल ती किंमत मोजली. सुईच्या दांड्यात असा कोणताही पारा नसतो. तेथे पोलाद आणि तेल असते. लाखोंची भाषा करणारा कोणी दारात आला आणि आधी थोडे पैसे मागू लागला, तर दार लावून घ्यावे. परदेशी असलेल्या मुलांना यंत्र पाठवायचे असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधने आहेत. म्हणून आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

मित्रहो, पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. बाजारात ज्या वस्तूंना कवडीची किंमत होती, त्यांतून एका समाजाची राहणी उभी राहिली. आपल्या घरातील यंत्राचेही तसेच आहे. आपल्यापैकी किती जणांचा पहिला गणवेश त्यावर शिवला गेला? कितींची फी शेजाऱ्यांच्या झबल्या-परकरांच्या शिलाईतून भरली गेली? त्या शिलाईचे हिशेब कोठे छापलेले नाहीत. ते शिवणाऱ्या हातांबरोबर निघून जात आहेत.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने एक छोटे काम करावे. घरातील यंत्राचा क्रमांक एका वहीत उतरवावा. ते कोणी घेतले, कधी घेतले, त्यावर कोण शिवत असे, हे आई, आत्या, काकूंना विचारून त्याखाली लिहावे आणि ते पान यंत्राच्या खणात ठेवावे. विकायचे असेल तर खुशाल विकावे; पण ते पान लिहिल्यावाचून विकू नये. यंत्राची किंमत ग्राहक ठरवील. त्यावर वाकलेल्या पाठीचे मोल ठरवण्याचा अधिकार मात्र आपला आहे, आणि तो आपण बजावला नाही तर दुसरे कोणी बजावणार नाही.