बिनतेलाची मोटार आणि कोरडवाहूचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीला मी विजेच्या मोटारीने आलो, तेव्हा मंडपात जितकी माणसे होती त्याहून जास्त त्या मोटारीभोवती होती. कोणी खाली वाकून सायलेन्सर शोधत होता, कोणी विचारत होता, ‘ॲव्हरेज किती देते?’ एका भावाने हळूच कानात विचारले, ‘पंपाच्या लाइनवर चालते का हो?’ म्हणून आजचा अर्धा तास मला मिळाला आहे. मी मोटार विकायला आलेलो नाही. कापसाच्या पैशात मोटार येत नाही, हे या मंडपात कोणाला सांगायला नको. माझे सात एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस, तूर आणि थोडी ज्वारी.

मग मोटार घेतली कशी आणि कशाला? आमच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण ५८ किलोमीटर, जाऊन येऊन ११६. भाड्याची जीप एका खेपेचे १,८०० रुपये घेई. वर्षाच्या १०४ खेपा झाल्या, म्हणजे १ लाख ८७ हजार २०० रुपये. दोन वर्षे आम्ही ते कसेबसे ओढले. मग तिघा भावांनी मिळून एक जुनी, तीन वर्षे चाललेली विजेची मोटार घेतली. हौस म्हणून नाही, जीपचे भाडे परवडेना म्हणून.

युनिट म्हणजे तेच युनिट

पहिली गोष्ट समजून घ्या. या मोटारीचे ‘तेल’ युनिटात मोजतात आणि हे युनिट आपल्या लाइट बिलावरचेच. टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत तिला ३१२ किलोमीटरचा आकडा मिळाला होता. तो आकडा चाचणीतला. रस्त्यावर खड्डे आहेत, उन्हाळा आहे, एसी आहे, गाडीत पाच माणसे आहेत. कागदावरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करा आणि उरेल त्यावर आपला बेत आखा. एकरी उताऱ्याचे सरकारी आकडे वाचताना आपण जी सावधगिरी ठेवतो, तीच इथे ठेवायची.

माझी गाडी भरल्यावर १८० किलोमीटर जाते. ११६ किलोमीटरच्या खेपेला मीटरवर २० युनिट पडतात. यातली काही वीज भरतानाच उष्णतेत जाते, म्हणून मोटारीचा काटा काय दाखवतो ते पाहू नका, घरचे मीटर पाहा. आता घरगुती बिलाला टप्पे असतात, शंभरच्या आतला दर वेगळा, त्यापुढचा वेगळा. आमच्या घराचा वापर महिन्याला ९० युनिट होता, तो २७० वर गेला. म्हणजे मोटारीची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्यात गेली. करांसह १३ रुपये युनिट धरा, खेपेला २६० रुपये झाले. तीच खेप पेट्रोलच्या गाडीने केली, लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ७६० रुपये. एका खेपेला ५०० रुपये वाचले, १०४ खेपांना ५२ हजार. एजंट लोक खालच्या टप्प्याचा दर धरून तुम्हाला याहून गोड हिशेब दाखवतील. तो धरू नका.

बिघाड मोटारीत नव्हता

आता आमची फजिती ऐका. पहिल्याच मे महिन्यात रात्री दहाला गाडी चार्जिंगला लावली आणि झोपलो. पहाटे पाहतो तर चार्जरवर लाल दिवा, बॅटरी ४१ टक्के. तेवढ्यात जाणे झाले असते, येणे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचा चार्जर आठवडाभर बंद पडलेला. वडिलांची वेळ नऊची. डायलिसिस चुकले तर अंगात पाणी साठते, दम लागतो. ते काही उद्यावर ढकलता येत नाही. पुन्हा जीपवाल्याच्या दारात गेलो. त्याने त्या दिवशी अडीच हजार घेतले.

एक म्हणाला चार्जर जळाला, दुसरा म्हणाला गाडी ट्रकवर टाकून शहरात न्या. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या वायरमनने मोटारीकडे पाहिलेही नाही. तो घरामागे गेला आणि अर्थिंगचा खड्डा पाहिला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते ते तुम्हाला ठाऊक आहे. भेगेत हात जातो. ती माती पाइपाला सोडून बाजूला झाली होती. अर्थिंग नावालाच उरले होते. त्याने दोन बादल्या पाणी ओतले, थोडा वेळ थांबला आणि चार्जर लावला. हिरवा दिवा लागला.

चार्जरने त्या रात्री काही चूक केली नव्हती. अर्थिंग नसताना वीज घेतली आणि कुठे गळती झाली, तर गाडीच्या पत्र्याला करंट येऊ शकतो. दाराला हात लावणारा आपलाच पोरगा असतो. म्हणून चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घेत नाही. लाल दिवा लागला म्हणून तारा जोडून त्याला फसवणारे मिस्त्री आहेत. अशा मिस्त्रीला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. नंतर आम्ही कोळसा आणि मीठ घालून खड्डा नवा केला. मार्चपासून पावसापर्यंत दर चार दिवसांनी त्यात पाणी टाकणे हे आता घरातल्या धाकट्या सुनेचे आणि माझे वाटून घेतलेले काम आहे.

आधी घर, मग गाडी

गाडी दारात येण्याआधी चार कामे करा. एक, मीटरचा मंजूर भार वाढवून घ्या. गावातली कितीतरी घरे एका किलोवॅटवर आहेत आणि १५ अँपिअरचा साधा चार्जरसुद्धा तीन किलोवॅट ओढतो. दोन, बोर्डापासून चार्जरपर्यंत स्वतंत्र, जाड तांब्याची वायर टाका, तिला वेगळा एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा ईएलसीबी लावा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. तो सात तास तापतो, वितळतो आणि शेजारी कडबा असला तर पुढचे सांगायला नको. तीन, अर्थिंग. चार, व्होल्टेज पाहा. २३० ला सात तासांत भरणारी गाडी १८० ला नऊ तास घेते, फारच उतरले तर भरणेच थांबते. म्हणून दिवेलागणीला लावू नका, रात्री दहानंतर लावा आणि खेपेच्या आदल्या रात्री नव्हे, एक रात्र आधी लावा. हाताशी एक रात्र राखून ठेवा.

आता पंपाच्या लाइनचे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे, म्हणून मोह होतो. मोह टाळा. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय ती लाइन ठरावीक तासांची आणि तिचे चढउतार आपल्या मोटारी जाळतात. पंपाची मोटार जळली तर वाइंडिंग भरून मिळते. गाडीतला चार्जर जळला तर बैलजोडीचे पैसे जातात.

बॅटरीची निगा

गाडीतली सर्वांत महाग वस्तू बॅटरी. तिला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि टोकाची सवय. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभी करू नका, लिंबाखाली करा. उन्हातून दौडत आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, निवू द्या. पूर्ण भरून आठ-आठ दिवस उभी ठेवू नका, शून्यावर तर एक दिवसही नाही. रोजच्या वापराला २० ते ८० टक्के हा पट्टा चांगला. पण तुमची बॅटरी एलएफपी जातीची असेल, तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के भरावीच लागते, नाहीतर काटा खोटे बोलू लागतो. कोणती जात आहे ते घेतानाच विचारा. रस्त्यावरचा जलद चार्जर अडीअडचणीला वापरा, रोजचा करू नका.

जुनी गाडी घेताना बैलाचे दात पाहतो तशी बॅटरी पाहा. कंपनीच्या केंद्रातून बॅटरीच्या तब्येतीचा कागद मागा. त्यावर न थांबता गाडी पूर्ण भरून ऐंशी टक्के बॅटरी संपेपर्यंत स्वतः चालवा आणि किलोमीटर लिहून घ्या. पुष्कळ गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, ते लिहून घ्या. तोंडी हमीला व्यापाऱ्याच्या तोंडी भावाइतकीच किंमत.

चालवणे आणि देखभाल

इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही. म्हणून काहीच पाहायला नको असे नाही. पाय उचलला की मोटरच ब्रेकचे काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत घालते. त्यामुळे ब्रेकचे पॅड खूप टिकतात, पण वापराविना डिस्कला गंज चढतो. आठवड्यातून एकदा रस्ता मोकळा पाहून ब्रेक जोरात दाबा. गाडी जड असते आणि ताकद एकदम लागते, म्हणून टायर लवकर झिजतात. दर पंधरवड्याला हवा पाहा. वेग साठचा नव्वद केला तर हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. घाई केली की किलोमीटर घटतात. कूलंट कमी झाले तर विहिरीचे पाणी ओतू नका, कंपनीने सांगितलेलेच टाका. जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू बसतात, ते झटका.

एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दार उघडत नाही. दोन-तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्या. घरात कापूस आणि धान्य असते म्हणून उंदीर असतात, ते वायर कुरतडतात. नारिंगी रंगाच्या तारांना मात्र हात लावू नका, त्यांत तीनशे व्होल्टच्या वर वीज असते. ते गावच्या मिस्त्रीचे काम नाही.

गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. चाके फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतले जळू शकते. पाटाच्या ट्रकवर चढवूनच न्या. नाल्याला पूर असेल तर थांबा. बॅटरीत पाणी शिरत नाही हे खरे, पण लोंढा गाडी वाहून नेताना ती विजेची की डिझेलची हे विचारत नाही. बुडून निघालेली गाडी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. बॅटरीतून धूर निघाला तर सामान काढत बसू नका, माणसे काढा आणि लांब व्हा.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

शेवटी हिशेब. ही गाडी घेताना महाग आणि चालवताना स्वस्त. म्हणजे जी रोज धावेल तीच फिटेल. दूधवाला, शाळेची पोरे नेणारा, तालुक्याला ठरावीक फेऱ्या करणारा, यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. ज्याची गाडी लग्नाला आणि यात्रेला निघते, त्याने नुसत्या स्वस्त विजेच्या लोभाने कर्ज काढू नये. उभी गाडीही व्याज खाते आणि तिची बॅटरी उभ्याउभ्याही म्हातारी होते. ज्याच्या गावात रात्र-रात्र वीज नसते, त्याने आधी विजेसाठी भांडावे, मोटार नंतर.

आमच्या गाडीचा वर्षाचा वीज, टायर आणि विमा धरून खर्च जीपच्या भाड्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. वडील मागच्या सीटवर आडवे होतात. परत येताना त्यांना थकवा असतो, तेव्हा गाडीचा आवाज नाही याचे त्यांना बरे वाटते. परवा म्हणाले, ‘पोरा, बैल पाळला तसा हिला पाळतोस.’ मी म्हटले, ‘बाबा, चारा कमी खाते, पण हिलाही वेळेवर पाणी लागतेच.’ त्यांना वाटले मी थट्टा करतो. मी अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल बोलत होतो.

गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. ज्यांना पाहायची आहे त्यांनी पाहावी. चाव्याही देतो. फक्त घरी परत जायला ५० टक्के लागतात, तेवढी ठेवा.