कुलूपबंद घराचें छप्पर

टोरांटोस राहणारे माझे मेहुणे हिंवाळ्यांत चार दिवस जरी परगांवीं निघाले, तरी पाण्याची मुख्य तोटी बंद करून घरांतील नळ रिते केल्यावांचून उंबरठा ओलांडीत नाहींत. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें. तें नळांत अडकलें कीं लोखंडी नळही फोडतें. हें ऐकून मला आमच्या मालवणच्या घराची आठवण झाली. तेथें पाणी कधींच गोठत नाहीं. पण मालकाच्या पाठीमागें घर गिळण्याची विद्या त्यास तितकीच अवगत आहे.

मुंबईस चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींचीं घरें वर्षांतून अकरा महिने बंद. गणपतीस दार उघडावें, आरत्या म्हणाव्या, पुन्हां कुलूप. असें चार वर्षें चाललें. पांचव्या वर्षीं दार उघडलें तों माजघराचें छप्पर जमिनीवर आलेलें! सुतारानें ढिगारा उपसून कारण दाखविलें, तें एवढेंसें: माकडाच्या उडीनें सरकलेलें एक कौल.

मंगळुरी कौल रिपेला अडकून बसतें. एका फटींतून झिरपणारें पाणी ती रीप कुजवितें. रीप गेली कीं वरचीं कौलें घसरतात, मग वासा जातो, तुळई जाते, आणि शेवटीं पाणी भिंतीच्या माथ्यांत शिरतें. आमच्या भिंती चिऱ्याच्या, सांधे मातीचे. चिरा पाणी पितो, माती विरघळते. शिवाय बंद घरांत चूल पेटत नाहीं. लहानपणीं आम्ही त्या धुराला नांवें ठेवीत असूं. त्याच धुरानें वासे कोरडे राहत व कीड दूर राही, हें फार उशिरां उमगलें.

शाकारणी वैशाखांत करावयाची असा जुना परिपाठ आहे. माझें मत, होळी झाली कीं हात घालावा. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां पावसाळ्यास तीन आठवडे अवकाश आहे म्हणून निर्धास्त बसलेल्यांचीं छपरें उघडीं पडलीं. कौलें उतरून झाडावीं, फणसाआंब्याचा पाला काढावा, कुजक्या रिपा बदलाव्या, वाशांस काजूच्या टरफलाचें तेल द्यावें, पन्हळी मोकळ्या कराव्या. समुद्राकडील पडवीस माडाच्या चुडतांचे झाप बांधावे. आमचा पाऊस वरून येतो त्याहून आडवाच अधिक येतो. हल्लीं छपरावर ताडपत्री ओढून मोकळें होण्याची चाल पडली आहे. ती एका हंगामापुरती ठीक. तिच्याखालीं लांकूड वाळत नाहीं.

पण एवढें करूनही माकडें मुंबईस विचारून उड्या मारीत नाहींत. म्हणून आम्हीं किल्ली शेजारच्या काकींकडे दिली आहे. पहिला मोठा पाऊस पडून गेला कीं त्या सकाळीं घर उघडतात, जमिनीवर कोठें ओल आहे तें पाहतात व चूल पेटवितात. गेल्या ज्येष्ठांत त्यांचा दूरध्वनि आला, “देवघराकडे गळता हा.” त्याच दिवशीं दुपारीं कौल बसविलें गेलें.