मरगळीवरही औषध आहे



पवनाकाठच्या आमच्या थेरगावाहून भोसरी काही फार लांब नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून १९९२ साली स्थापन झालेली संस्था तेथेच आहे. त्या काळी एच.आय.व्ही. म्हणजे मरणाचे बोलावणे, असे लोक समजत. पुढे १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक इस्पितळांतून एआरटीची औषधे मोफत देण्यास आरंभ केला, आणि चित्र पालटले. आज पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही असे केंद्र आहे. रोजची गोळी न चुकता घेतली, तर विषाणू दबून राहतो आणि माणूस कामधंदा करीत पुष्कळ वर्षे जगतो.

मग हाताशी असलेली गोळी काहीजण सोडतात का? पुष्कळदा याचे कारण मनात असते. समजा, चाकणच्या कारखान्यातला एखादा कामगार आहे. त्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. 'आता जगून तरी काय करायचं?' असे तो म्हणू लागला. घरची माणसे म्हणतात, 'आजारच तसा, वाईट वाटायचंच!' इथेच चूक होते. वाईट वाटणे हळूहळू ओसरते. पण ही मरगळ दोन आठवडे रोज, दिवसभर टिकली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो एच.आय.व्ही.हून वेगळा, आणि बरा होणारा आहे.

त्यावर उपाय दोन. पहिला, समुपदेशकाशी ठरलेल्या वेळी मोकळे बोलणे. दुसरा, गरज पडल्यास मनाच्या आजारावरील गोळ्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या टाकून देऊ नयेत, आणि बरे वाटताच आपल्या मनाने बंदही करू नयेत. एआरटीतील काही औषधांनीही क्वचित मन खिन्न होते. म्हणून आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना सगळे सांगावे. मन सावरले की रोजची गोळीही चुकत नाही.

शिक्षकबंधूभगिनींना एक विनंती. अशा घरातले मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्या घरची गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या. परवानगीवाचून ती फोडण्यास आणि भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. चारचौघांतल्या कुजबुजीने माणूस दवाखान्याची पायरीही चढेनासा होतो.

आणि कोणी 'मला जगायचं नाही' म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो. तो लावून द्या, आणि सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.