देसाईगंजने बदललेला कायदा

मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं; १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. या निकालाविरोधात चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरतं.

आज गडचिरोलीत पोलिसांच्याच ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून सरकारी योजना गावांपर्यंत पोचतात. हे मोलाचं आहेच. पण पोलिसांविरुद्धची तक्रारही निर्भयपणे करता यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालातली पोलीस तक्रार प्राधिकरणं बळकट करा; ठाण्यात माडिया, गोंडी बोलणाऱ्या महिला अंमलदार नेमा.