तेलाचा ताप आणि त्याचा उतारा

‘कूलर’ हा शब्द कानी पडला की नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला वैशाख आठवतो, खिडकीत बसविलेली पेटी आठवते आणि ओल्या वाळ्याचा सुगंध आठवतो. आज ज्या कूलरविषयी मला बोलावयाचे आहे तो मात्र माणसाला निववीत नाही. तो तेलाला निववितो. त्याची जागा मालगाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे असते. गाडी विकत घेतल्यानंतर मालकाने आपल्या पदराला खार लावून तो बसविलेला असतो.

हा प्रकार विशेष आढळतो तो अमेरिकेत. तेथील शेतकरी, सुतार, गवंडी, घोडे पाळणारा, अशा साऱ्यांचे घरचे वाहन म्हणजे पिकअप ट्रक. पुढे माणसे, मागे उघडा हौदा आणि त्याहीमागे जोडलेला ट्रेलर. ट्रेलरवर कधी गवताच्या पेंढ्या, कधी खोदाईचे यंत्र, कधी जनावरे. या बहुतेक गाड्यांना स्वयंचलित गिअर असतो, आणि आपल्या कथेतला ताप नेमका तेथेच उत्पन्न होतो.

हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत इंजिन आणि चाके यांची गाठ क्लचच्या कोरड्या तबकडीने बांधलेली असते. स्वयंचलित गाडीत ही गाठ तेलाची असते. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद भांड्यात ठेवा, आणि त्यांच्यामध्ये तेलाचा प्रवाह वळविणारे तिसरे चक्र बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने तेलाची जोडणी असलेला ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअर मोटारीत आणला, आणि डाव्या पायाचे काम सुटले.

परंतु सुख फुकट मिळत नाही. इंग्लंडमधील जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. वजने खाली सोडून त्यांच्या ओढीने पाण्यातील वल्ही फिरविली आणि पाणी किती तापते ते मोजले. घुसळण्यात खर्च झालेली शक्ती नाहीशी होत नाही, ती उष्णता होऊन बसते, हे त्याने दाखविले. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जूलचे तेच भांडे. फरक इतकाच, की येथे वल्ही फिरविणारे इंजिन आहे आणि भांडे डोंगर चढत आहे.

थोडा हिशेब करू. समजा, चढावर इंजिनाकडून शंभर अश्वशक्ती तेलात उतरली आणि तिच्यातील ऐंशी चाकांकडे गेली. उरलेल्या वीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे पंधरा किलोवॉट. एक किलोवॉटच्या पंधरा शेगड्या काही लिटर तेलाखाली पेटविल्यासारखेच हे झाले. सपाट रस्त्यावर वेग आला की आजच्या गाड्यांत एक आतला क्लच दोन्ही पंखे एकमेकांस जखडतो आणि ही घुसळण थांबते. पण अवजड ट्रेलर, चढ आणि मंद गती ही तिन्ही एकत्र आली की क्लच सुटतो आणि शेगड्या पुन्हा पेटतात.

हे तेल केवळ वंगण नव्हे. शक्ती तेच वाहून नेते, आतले क्लच तेच दाबून धरते, आणि झिजणाऱ्या भागांची उष्णताही तेच उचलते. ८० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत ते बरीच वर्षे आपले काम इमानाने करते. १२० अंशांच्या पलीकडे त्याचा लालसर रंग तपकिरी होऊ लागतो, करपलेला वास येतो, रबरी सील कडक होऊन गळू लागतात. कारागिरांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : ताप सुमारे अकरा अंशांनी वाढला की तेलाचे आयुष्य निम्मे होते. मग क्लच घसरतात, घसरणीने आणखी ताप वाढतो, आणि एके दिवशी गाडी रस्त्यात उभी राहते. गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यावयाचा तर काही हजार डॉलर लागतात. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याची तेवढ्या दिवसांची मजुरीही बुडते.

कारखानदाराने काहीच योजना केलेली नसते असे नाही. पुष्कळ गाड्यांत हे तेल नळीवाटे रेडिएटरच्या एका टाकीत नेऊन तेथील पाण्याच्या सान्निध्यात थंड केले जाते. परंतु ते पाणी स्वतःच नव्वद अंशांच्या आसपास असते. जो आपणच तापलेला, तो दुसऱ्याला निववून निववून किती निववणार? म्हणून वाऱ्यावर चालणारा वेगळा कूलर पुढे बसवावयाचा.

हे काम घरच्या अंगणात होण्यासारखे आहे. मात्र त्यात चार ठिकाणी विचार लागतो.

पहिला विचार जागेचा. कूलर रेडिएटरच्या आणि वातानुकूलनाच्या जाळीच्या पुढे, जेथे ताजा वारा प्रथम लागतो तेथे बसवावा. बाजारात प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात. त्या जाळीतून आरपार ओवून कूलर टांगणे सोपे असते, पण गाडीच्या कंपाने त्या पट्ट्या नाजूक पाती आणि नळ्या घासत राहतात. लोखंडी पट्टी वाकवून ती चौकटीला बोल्टने आवळण्यास तासभर अधिक लागतो, आणि तो तास सार्थकी लागतो. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. ती खाली असली तर आत हवा कोंडते.

दुसरा विचार क्रमाचा. गिअरबॉक्सकडून निघालेले तेल आधी रेडिएटरमध्ये, मग नव्या कूलरमध्ये आणि तेथून परत घरी, हा सामान्य मार्ग. यासाठी दोन नळ्यांपैकी परतीची कोणती हे त्या गाडीच्या पुस्तकातून निश्चित करून घ्यावे. अंदाजाने कापलेली नळी पुन्हा जुळत नाही. रेडिएटर अजिबात वगळावा, असा मोह कित्येकांना होतो. परंतु थंडीत तेल गोठल्यासारखे दाट होते, आणि तेव्हा तेच रेडिएटरचे पाणी त्याला लवकर ऊब देते. बर्फाळ प्रदेशात तर उष्णतेप्रमाणे उघडणारी झडपही बसवितात, म्हणजे गार तेल कूलरला वळसा घालून जाते.

तिसरा विचार नळीचा. येथे गिअरच्या गरम तेलासाठी बनविलेलीच नळी हवी. हाताशी आहे म्हणून दुसऱ्या कामाची नळी लावली तर ती काही महिन्यांत फुगते किंवा चिरते. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवावी, धारदार कडेवरून नेऊ नये, आणि वळण देताना ती चिमटू देऊ नये. एक क्लिप सैल राहिली तर गिअरबॉक्स काही मिनिटांत रिता होऊ शकतो, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी उडालेले तेल पेटही घेते.

चौथा विचार मापाचा. नवा कूलर आणि नळ्या मिळून काही तेल आपल्या पोटात ठेवतात. ते त्याच जातीच्या तेलाने भरून काढावे, आणि पातळी पुस्तकात सांगितलेल्या उष्णतेवर, सपाट जागी पाहावी. कमी तेल वाईट. जास्त तेलाला फेस येतो, तेही वाईट.

एवढे केल्यावर काय साधते? चढाच्या माथ्यावर काटा पूर्वीपेक्षा खाली राहतो. काय साधत नाही, हे मात्र विक्रेता सहसा सांगत नाही. आधीच करपलेले तेल कूलरने ताजे होत नाही. झिजलेले क्लच पुन्हा भरून येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीची ओझे ओढण्याची मर्यादा कूलरने वाढत नाही.

ती मर्यादा ठरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. अॅरिझोनात कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणापासून पूर्वेस युनियन पासकडे एक रस्ता चढतो. सुमारे अकरा मैलांत तो तीन हजार फुटांच्या आसपास उंची गाठतो. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याची कसोटी याच चढाच्या धर्तीवर आहे : बाहेर १०० अंश फॅरनहाइट ऊन, गाडीत वातानुकूलन पूर्ण चालू, मागे पूर्ण ओझे, आणि वेग ठराविक आकड्याच्या खाली येता कामा नये. या कसोटीत इंजिनाप्रमाणे गिअरबॉक्स, ब्रेक आणि साटा यांचाही कस लागतो. त्यांतल्या एकाचा ताप उतरविला म्हणून बाकीच्यांचे बळ वाढत नाही.

आपल्याकडील बहुसंख्य मालमोटारी अजून क्लच आणि हाताच्या गिअरवर चालतात. दातेरी चाकांत शक्ती फारशी वाया जात नाही, म्हणून त्यांना असा कूलर सहसा लागत नाही. परंतु खाणींतील मोठे डंपर, शहरांतील अनेक लो-फ्लोअर बसगाड्या आणि अलीकडे आलेले काही पिकअप या तेलाच्या गाठीवर चालतात. एके काळी घाटमाथ्यावर बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतून थांबलेल्या मालमोटारी आपण पाहिल्या आहेत. त्या चालकाला वाफ दिसत असे, म्हणून तो थांबत असे. गिअरचे तेल तापते तेव्हा वाफ निघत नाही, आवाज होत नाही. गाडी नेहमीसारखीच चालत राहते.

म्हणून अनुभवी लोक कूलरच्याही आधी तेलाचा ताप दाखविणारा काटा बसवितात. आधी काही दिवस रोजच्या ओझ्यानिशी, रोजच्या रस्त्यावर तो पाहावा. काटा आवाक्यात असेल तर कूलरचा खर्च वाचला. नसेल तर कूलर बसवावा, आणि पुन्हा पाहावे. चढावर वेळीच खालचा गिअर घ्यावा, म्हणजे घुसळण कमी होते. इतके करूनही काटा वर सरकू लागला, तर गाडी कडेला घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि इंजिन चालू ठेवून तेलाला फिरू द्यावे. पुढच्या खेपेला ट्रेलरवरचे ओझे थोडे कमी भरावे.